पित्ताशयापायी झालेली शोभा

आमच्या घरात चार माणसं जमली, की कुणीतरी माझ्या पित्ताशयाचा विषय काढतंच. मुळात तो अवयव आता माझ्याकडे नाही, पण त्याचे किस्से दर वर्षी वाढतायत. मुलीच्या वाढदिवसाला तर केक कापायच्या आधी तेच सुरू होतं. एरवी बँकेच्या काउंटरवर कुणाचं ऐकून न घेणारी मी, ह्या विषयावर तोंड लपवायला जागा शोधते. पण इतरांनी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं!

*

बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते, त्यामुळे सगळे मला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. पाचव्या महिन्यात सासूबाईंनी नाहूरच्या आमच्या घरात चोरओटी ठेवली. मोजक्या बायका, गाजावाजा नाही. तळलेले वडे आणि तुपात न्हालेला शिरा मात्र बेताचा नव्हता, आणि ‘दोन जिवांची आहेस’ म्हणत प्रत्येकीने मला भरवला.

मी पाटावर बसले आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की पाठीपर्यंत गेली. मालाडहून आलेल्या माझ्या नवऱ्याच्या, नितीनच्या आत्या नवी पैठणी नेसून ओटी भरायला वाकल्या. पदर पुढे करायच्या ऐवजी मी भडाभडा ओकले, थेट त्यांच्या ओच्यात.

आत्यांनी ओचा सांभाळत एकदा खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “ओटी मी भरायची होती गं.”

*

पित्त खवळलंय, असं सर्वानुमते ठरलं. कोकम सरबत झालं, आवळा झाला. ताप चढला तेव्हा कुठे डॉक्टर आठवले. त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं.

सासूबाई हट्टाने आत आल्या. सोनोग्राफीचे डॉक्टर बरगडीखाली यंत्र फिरवत होते. सासूबाईंनी स्क्रीनकडे मान लांबवून विचारलं, “काय दिसता हो?”

डॉक्टरांचा चेहरा एकदम कडक झाला. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, मुलगा की मुलगी ते सांगणं गुन्हा आहे, आणि आजींनी असं विचारायचं नसतं, हेही ऐकवलं. मला तर टेबलासकट जमिनीत जावंसं वाटलं.

सासूबाईंनी पाटी नीट वाचली. मग म्हणाल्या, “मी खड्यांचा इचारतंय. खडे सांगूकय बंदी आसा काय?”

*

खडे होते, आणि पित्ताशयाला सूज होती. मुलुंडच्या एका नर्सिंग होममध्ये मला दाखल केलं. उपाशी ठेवून सलाइन आणि अँटिबायोटिक दिली. दुखणं उतरलं, पण चार घास खाल्ले की पुन्हा तेच. शेवटी सर्जन डॉक्टरबाईंनी नितीनला आणि मला समजावलं. बाळंतपणापर्यंत थांबलो तर सूज पुन्हा उसळेल, आतला पू पसरला तर बाळालाही धोका. पाचव्या-सहाव्या महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन करणं त्यातल्या त्यात सुरक्षित. बाळाला काही होणारच नाही, अशी शंभर टक्के खात्री मात्र कुणी देऊ शकत नाही. मला रडू आवरेना.

नितीन इंजिनियर माणूस. त्याने बराच विचार करून विचारलं, “डॉक्टर, म्हणजे पोट उघडणारच आहात, तर दोन्ही एकदमच नाही का उरकता येणार?”

डॉक्टरबाईंनी त्याच्याऐवजी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत एवढी दया होती, की मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

*

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी पडदा ओढून घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्या मालवणी लोकांत देवाला मनातल्या मनात सांगायची पद्धत नाही, ते खणखणीत आवाजातच सांगावं लागतं.

“बा देवा म्हाराजा! माझी सून आणि तिच्या पोटातला लेकरू सुखरूप ऱ्हवान दे. त्या डॉक्टरणीचो हात थरथरूक नको!”

“होय म्हाराजा!” दारातून आवाज आला. वॉचमन कणकवलीचा निघाला. पुढच्या मागणीला समोरच्या खाटेवरचे नातेवाईकही सामील झाले. मी डोळे घट्ट मिटून घोरण्याचं सोंग केलं.

पडदा सरकला. बाहेर डॉक्टरबाई उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. “होय महाराजा,” त्या म्हणाल्या, “आता जरा पेशंटला तपासू का?”

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून मला पाण्याचा थेंबही बंद होता. आठवड्याभराच्या उपासाला कंटाळून मी कधीतरी बोलून गेले होते, की खेकड्याचं कालवण खावंसं वाटतंय. झालं! थिएटरमध्ये न्यायच्या थोडं आधी सासूबाईंच्या पिशवीतून डबा निघाला आणि सगळ्या वॉर्डभर वास सुटला. सिस्टर धावत आली. भूल दिल्यावर पोटातलं छातीत गेलं तर दोन्ही जीव जातील, म्हणून ती ओरडली. सासूबाई डबा सोडेनात. डोहाळे राहिले तर पोराची जन्मभर लाळ गळते, हे त्यांचं ठाम मत.

सगळा वॉर्ड बघत होता. माझा ताबा सुटला. “आई, किती लाज आणाल? घरी जा तुम्ही.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि डबा घेऊन बाहेर गेल्या.

शुद्धीवर आले तेव्हा पित्ताशय गेलं होतं आणि पोटाला चार छोटी भोकं होती. पोट तसंच होतं, पण आत काही हलत नव्हतं. मी घाबरून मान वळवली, तर शेजारच्या खाटेवर सासूबाई आडव्या, हाताला सलाइन!

मधुमेहाची गोळी घेऊन दिवसभर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बसल्या होत्या, नितीन सांगत होता. घरी गेल्याच नाहीत. बिस्किट दिलं, चहा दिला, काही घेतलं नाही. शेवटी साखर उतरून तिथेच कोसळल्या. डबा भरलेलाच होता.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बाळाचे ठोके ऐकायचं छोटं यंत्र माझ्या पोटावर ठेवलं. आधी नुसती खरखर. यंत्र थोडं खाली सरकलं, आणि टकटक, टकटक सुरू झालं, भराभर.

शेजारच्या खाटेवरून बारीक आवाज आला. “वाजता मां? मगे आता माका चाय द्या.”