शेजारच्या खुर्चीतले चाचा

घरोघरी केबल आल्यापासून सुलतान बाजाराजवळचं ते थिएटर अर्धं रिकामंच असायचं. तरी त्या दुपारी एक वयस्कर गृहस्थ माझ्याच शेजारी येऊन बसले. पिक्चर विनोदी होता. खुर्ची डळमळू लागलेला एक पुढारी उगाचच शेजारच्या देशाला शत्रू ठरवतो. गृहस्थ मांडीवर थाप मारत, रुमालाने डोळे पुसत हसत होते. मग पडद्यावर सीमा बंद झाली आणि माणसं फाटकाच्या दोन्ही बाजूंना अडकली. सगळे हसले, ते मात्र गप्प झाले.

मी विचारलं, "क्या हुआ चाचा?"

"कुछ नई मियाँ, पिक्चर अच्छी है. हमारी बडी बहन उधर कराची में रहते, बस."

मध्यंतरानंतर ते पुन्हा मोकळेपणाने हसू लागले. मी मात्र प्रत्येक विनोदाला हसण्याआधी त्यांच्याकडे बघत होतो.