देवगावच्या बैठकीसाठी घेतलेला सायलेन्सर

तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. वारसनोंद असो, शेतरस्त्याची अडवणूक असो, की नवऱ्याने टाकलेल्या बाईची कैफियत असो, माझ्या हातचा मजकूर साहेब शेवटपर्यंत वाचतात, असा माझा अनुभव आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले, हे मी लपवत नाही. परंतु पदवीधरांनाही विनंती कशी करावी आणि हुकूम कसा ओळखावा, हे मी शिकवले आहे. हा मान मला शहरात आहे. देवगाव रंगारीत, सख्ख्या थोरल्या भावाच्या दारात, तो कधीच नव्हता.

आमच्याकडे रीत अशी की, घरचा माणूस परगावाहून आला म्हणजे ओट्यावर बसलेल्यांनी उठावे आणि घरातल्या बाईने पाण्याचा तांब्या घेऊन पायरीपर्यंत यावे. पुतण्या चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला, त्याने बुलेट घेतली, आणि तिचा दणका फाट्यावरून ऐकू आला की भाऊ टोपी नीट करत उठू लागला, वहिनी तांब्या भरू लागली. मी माझ्या जुन्या स्कूटरवर येत असे. आत जाऊन बसलो तरी "कवा आलास?" एवढेच कोणी तरी विचारी. पाणी माझे मीच माठातून घ्यायचे.

पुढे मीही एक वापरलेली बुलेट घेतली. मूळ सायलेन्सरवर ती इतकी सभ्य चालायची, की शेजाऱ्यालाही पत्ता लागू नये. त्याच सुमारास पुतण्याच्या सोयरिकीची बैठक ठरली. निरोप भावाने दिला नाही, वहिनीने दिला. "भाऊजी, जमलं तर या." जमलं तर! मुलाच्या सख्ख्या चुलत्याला! त्याच दिवशी मी ठरवले की, मुलीकडच्या मंडळींच्या देखत तो ओटा माझ्यासाठी उठला पाहिजे.

उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. मिस्त्रीने एकेक सायलेन्सर गाडीला लावून वाजवून दाखवला. पहिला फुटक्या पत्र्यासारखा वाजला. दुसरा मध्येच फटाके फोडत होता. तो मी तत्काळ नामंजूर केला.

"चाचा, तुमकू होना कैसा, वो तो बोलो," तो कंटाळून म्हणाला.

"आवाज भारदस्त असावा. ऐकणारा उठून उभा राहिला पाहिजे. उर्मटपणा मात्र नको."

"उठके खडे होना बोले तो ये लेव. चिकलठाणे के कंपनीवाले पोट्टे यहीच लेके जाते."

हा आवाज खोल होता, सावकाश होता, छातीत उतरणारा होता. कारखान्यातली कमावती मुले जे घेतात ते हलके नसणार, असा मी त्याच्या बोलण्याचा अर्थ लावला.

"पुलिस पकडी तो मेरा नाम नक्को लेना, चाचा."

"पोलिसांचेही अर्ज मी लिहितो," मी म्हणालो, आणि सायलेन्सर पक्का करायला सांगितला.

बैठकीच्या दिवशी देवगावच्या फाट्यावर मी मुद्दाम गिअर कमी केला. गल्लीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या दारांत माणसे आली. आणि ओटा उठला. सगळा उठला. भाऊ पुढे आला होता, त्याच्या शेजारी मुलीचे वडील हात जोडून उभे होते, आणि वहिनी तांब्या घेऊन पायरी उतरली होती. मी गाडी लगेच बंद केली नाही. तसाच बसून राहिलो. मग हेल्मेट काढले.

"अगं बाई, भाऊजी व्हय!" वहिनी म्हणाली, आणि तांब्यासकट पाठमोरी झाली.

"आम्हाला वाटलं, नवरदेव आले," मुलीचे वडील हात खाली घेत म्हणाले.

त्यांच्यातला एक म्हातारा ओट्यावरून ओरडला, "मंग हे काय कमी हायेत? मिशीला कलप लावा, बाशिंग बांधून टाकू!"

"नवरी एकच हाय पण, पाव्हणं!" आमच्याच भावकीतला एक जण म्हणाला.

सगळे हसले. भाऊ सर्वांत मोठ्याने हसला. मग जवळ येऊन दातांतल्या दातांत म्हणाला, "पन्नाशी आली तुझी. पोरासोरांचं खेळणं लावून आलास? लई शोभा केलीस सोयऱ्यांपुढं. मागं गोठ्यापाशी लाव ती."

पुतण्या थोड्या वेळाने मित्राच्या मोटारीतून आला. आवाज असा काही झालाच नाही. मोटार गल्लीच्या तोंडाशी दिसली तोच ओटा पुन्हा उठला आणि तोच तांब्या पायरी उतरून गेला. मी उठलो नाही. ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

बोलणी ठरली तेव्हा मी म्हणालो, "दादा, ठरल्याच्या यादीचा मजकूर मी सांगतो."

"तुझे अर्ज तिकडं कचेरीत," भाऊ म्हणाला. "इथं मोबाईलवर लिहून झालंय."

जेवण न करता निघालो. किल्ली लावली, तोच भाऊ आला. मला वाटले, थांब म्हणेल.

"इथं चालू करू नको. पाव्हणे जेवायलेत. फाट्यावर ने, मंग काय वाजवायचं ते वाजव."

ही विनंती नव्हती. एवढे मला कळते.

बुलेटचे वजन ती ढकलल्याशिवाय कळत नाही. शाळेपासून चढ लागतो. तिथे सदरा पाठीला चिकटला. पिठाच्या गिरणीवाल्याने विचारले, "बंद पडली का?" मी "व्हय" म्हणालो. त्याने काही अंतर मागून हात लावला, आणि त्या दिवशी देवगावात माझ्यासाठी उठलेला तो एकटाच.

सायलेन्सर अजून गाडीला आहे. कचेरीच्या फाटकापर्यंत, माझ्या टेबलापाशी, मी तो वाजवतच जातो, आणि काढणार नाही. पुतण्याच्या लग्नाला मात्र बसने गेलो. पाणी माठातून घेतले.