घटस्थापनेची साफसफाई आणि सुनंदाचा प्रबंध

घट बसायच्या आधी आमच्या घरातली प्रत्येक वस्तू धुतली जाते. त्या वर्षी मी बायकोचा प्रबंध धुतला.

आम्ही सोलापूर शहरातल्या ‘जुळे सोलापूर’ भागात राहतो. सुनंदा, म्हणजे आमची ही, भाषाशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय, मंगळवेढ्याकडची बोली. आणि बोलणारी साक्षात माझी आई! (सासूला ती आत्या म्हणते.) आईनं ज्वारीच्या राशीबद्दल, म्हणजे मळणीबद्दल सांगायचं, सुनंदानं ते रेकॉर्ड करायचं आणि उच्चार जसाच्या तसा दाखवणाऱ्या खास चिन्हांत कॉम्प्युटरवर उतरवायचं. त्यासाठी तिनं वेगळे फॉन्ट घातले होते. (उलटी अक्षरं, शेपूट फुटलेली अक्षरं... मला तर ती मुंग्यांची वरात वाटायची.) आईला मात्र कोण अभिमान! "माजं बोलनं पुस्तकात येनार हाय," हे तिनं भाजीवाल्यासकट अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी शेवटचं प्रकरण संध्याकाळपर्यंत तिच्या गाइड मॅडमना पाठवायचं होतं. मॅडम रात्री परदेशी निघणार होत्या. आज हुकलं की प्रबंध एकदम पुढच्या वर्षी. प्रकरण तयार होतं, म्हणून सुनंदा निर्धास्तपणे आईबरोबर गच्चीवर गोधड्या पिळत होती. वरून हाक आली, "आरं बाळ्या, तू बी कायतरी साफ कर की!"

माझी पाठ धरली होती. (ती दरवर्षी नवरात्राआधीच धरते.) म्हणून बसल्या जागी होईल असं काम मी निवडलं. कॉम्प्युटर साफ करायला घेतला!

सगळ्यात जास्त जागा अडवून बसल्या होत्या आवाजाच्या फाइली. एक लावून पाहिली. आई बोलत होती. ती तर घरात फुकट ऐकायला मिळते! उडवल्या. मग ते चित्रविचित्र फॉन्ट दिसले. सोसायटीच्या नोटिसा लिहायला मला एक फॉन्ट पुरतो, तेव्हा हेही उडवले. नंतर सहज प्रकरण उघडलं, तर पानभर चौकोनी डबे! म्हटलं, किती हा केर. एकेक डबा वेचून काढला आणि सेव्ह केलं. केर घरात ठेवू नये म्हणून रिसायकल बिनही रिकामा केला. इतकं मन लावून मी ऑफिसातसुद्धा कधी काम केलं नव्हतं.

सुनंदा ओल्या हातानंच खाली आली.

"अहो, यातले आत्यांचे शब्द कुठे गेले?"

"डबे होते. काढले."

"आणि रेकॉर्डिंग?"

"जुनं होतं गं."

ती मटकन खुर्चीत बसली. बाकीची प्रकरणं पेनड्राइव्हवर होती, हेच तेवढं नव्हतं. फॉन्ट उडवला की अक्षरांच्या जागी डबे दिसतात, एवढंच तिनं शांतपणे सांगितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मागून आई आली. पडद्यावर वाकून म्हणाली, "माजं बोलनं कुटं हाय ह्यात?"

तिचा चेहरा असा उतरला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत.

आईनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं. पदरानं हात पुसून सुनेजवळ बसकण मारली. "रडू नगंस. पुसलं तर पुसलं. तोंड हाय की माजं! लिव्ह."

सुनंदानं फॉन्ट इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घेतले. आई सांगू लागली. कणसं, पेंडी, कडबा... गच्चीवरच्या उरलेल्या गोधड्या मी पिळल्या. (पाठीनं चकार शब्द काढला नाही.) खाली येऊन पाहतो, तर दोघी खिदळत होत्या. मला बघताच गप्प! मॅडम निघायच्या आत प्रकरण गेलं. आईनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

प्रबंध पास झाला. बांधीव प्रत घरी आली, तेव्हा मी ते प्रकरण उघडून शेजाऱ्यांना कौतुकानं दाखवलं, "ही बघा, आमच्या आईची वाक्यं!"

ते गेल्यावर मी सुनंदाला विचारलं, "लिहिलंय काय गं हे?"

ती गालात हसली. "प्रत्येक शब्द वाक्यात वापरून दाखवा, असं मी त्या दिवशी आत्यांना म्हटलं होतं. आत्या तुमच्यावर जाम चिडल्या होत्या."

तिनं एकेक वाचून दाखवलं. "कडब्याची पेंडी बांदाया सांगितली, तर बाळ्या तिच्यावरच झोपला." "रास व्हईस्तवर ह्यो झाडाखाली." आणि शेवटचं, "लई येडं हाय माजं लेकरू, पर माजं हाय."

शेवटच्या वाक्याला मी चष्मा काढून पुसू लागलो. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "या चिन्हांची गंमत माहितीये? ज्याला मराठीचा गंध नाही, असा परदेशी प्राध्यापकही हे अगदी आत्यांच्या उच्चारात वाचू शकतो."

म्हणजे आता जगातला कुठलाही भाषातज्ज्ञ, भाषेचं अवाक्षर न कळता, मला आईच्या सुरात येडं म्हणू शकतो!