मागच्या दाराचं कुलूप
ऑइलपेंटचा वास आला की मला निपाणीजवळच्या आमच्या शर्टांच्या कारखान्याचं मागचं दार आठवतं. तपासणी आली की ते नव्यानं हिरवं व्हायचं. एका परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस सांगून गेला होता, आग लागली तर बायकांना पळता आलं पाहिजे, कुलूप नको. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आला. म्हणाला, "इथून माल चोरीला जाईल. कुलूप घाला, नाहीतर नापास." मी तिथली सुपरवायझर; मॅनेजर अण्णा कुलूप घेऊनच माझ्याकडे धावत आले. "घाल गं, ऑर्डर जाईल." आत शिलाई मशिनी धडधडत होत्या. "न्हाय अण्णा, आत बायका हाईत," म्हणत मी पहिल्या तपासनिसाला फोन लावला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. "आधी तुम्हा दोघांचं एक ठरू दे. तोवर दार उघडं." ते दोघं फोनवर भांडत राहिले, मी दाराला पाठ लावून उभी. पाठभर ओला रंग लागला, पण हलले नाही. आता सगळ्या गिऱ्हाइकांची मिळून एकच तपासणी असते. दार फक्त आतून ढकललं की उघडतं आणि मोठ्यानं घंटा वाजते. तरी रोज सकाळी मी ते एकदा ढकलतेच. घंटा वाजली की मशिनीवरच्या बायका मान वर न करता म्हणतात, "आक्का आली."