तू लई गोड वाचतोस

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिडकीनला एका कारखान्याच्या ऑफिसात वेबसाइट दाखवत बसलो होतो. हृदय बंद पडलं, बायको म्हणाली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "नक्की?" संशय हा आमच्या घरात ताईचा प्रांत. त्या दिवशी तो माझ्याकडं आला आणि अजून गेलेला नाही.

सुमनताई माझी थोरली बहीण. कॉलेजात असताना काचबिंदूनं तिची नजर गेली. पुढं कन्नड गावच्या एका स्थळानं नकार कळवला, तेव्हा आईनं तिला पत्रिका जुळत नाही एवढंच सांगितलं. खरं कारण तिला देवगाव रंगारीच्या एका लग्नात, पंगतीत बसलेल्या कुणा मावशीकडून कळलं. तेव्हापासून कुणी काही वाचून दाखवलं की ती मान तिरकी करून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "बरं." त्या 'बरं'चा अर्थ 'बनव मला आणखी' असा असायचा. लाइटबिलसुद्धा ती दोघांकडून वाचून घ्यायची.

मग तिच्या लॅपटॉपवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आलं आणि ताई सुटली. ते इतक्या वेगानं बोलायचं की मला ओ की ठो कळायचं नाही, तिला मात्र अक्षर न् अक्षर कळायचं. "याला माझी दया येत नाय," ती म्हणायची. मी साइट बनवायचो, ती झडती घ्यायची. व्हिडिओच्या बटणांना नावं दिलेली नसली की यंत्र नुसतं 'बटन, बटन' करायचं आणि ताई विचारायची, इथं काय लपवलंय?

गेल्या वर्षी तिच्या काखेत गाठ हाताला लागली. तपासणीचा रिपोर्ट हॉस्पिटलच्या साइटवर आला, तोही एका जुन्या प्लगइनवर चालणाऱ्या फिल्मसारख्या चौकटीत. नव्या ब्राउझरनी ते प्लगइन कधीच बंद केलेलं, तिथं नुसता करडा चौकोन दिसायचा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चौकट उघडली, पण अक्षरं चित्रातली. ताईचं सॉफ्टवेअर तिथं टाकलं तरी त्याला ती दिसेनात. तिला ऐकू आली ती फक्त मागं वाजणारी सतार…

शेवटी मी वाचून दाखवलं. गाठ साधी आहे, कर्करोग नाही.

"तू लई गोड वाचतोस," ती म्हणाली.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पण माझ्याकडं बघत. आवाज कुठं वळलाय ते तिला बरोबर कळलं. मग मी अख्खा रिपोर्ट साध्या मजकुरात टाइप करून दिला आणि यंत्रानं तो धडाधड वाचला. मला वाटलं, आता तरी सुटलो.

"हे टाइप कुणी केलं? तूच ना?"

मी हॉस्पिटलला फोन केले, तर नवी साइट येतेय म्हणाले. तोवर ताईनं तिच्या ठेवणीतल्या साड्या माझ्या लेकीला देऊन टाकल्या, पुढच्या दिवाळीचं बोलणं सोडलं. नसलेल्या आजाराची तयारी करत माझी बहीण शेवटचे महिने जगली, याचा मला अजून राग येतो. हॉस्पिटलचा येतो, तिचाही येतो.

परवा तिच्या खोलीत गेलो, लॅपटॉप आवरून ठेवावा म्हणून. सहज हॉस्पिटलच्या साइटवर तिचा रिपोर्ट उघडला. चौकट गेली होती, साधी अक्षरं आली होती. यंत्र वाचू लागलं, तिच्याच वेगानं. मी वेग कमी करून पुन्हा पुन्हा ऐकलं, मीच कुठं काही गाळलं होतं का, ते ताडून पाहत. शब्द न् शब्द तोच होता. "ताई, ऐकलंस?" मी मोठ्यानं म्हणालो, आणि स्वयंपाकघरातून बायको धावत आली.