नाल्याच्या पुलापर्यंत गाडी येते

पुतणीच्या लग्नाची पत्रिका मी अजून कपाटात ठेवली आहे. राग विझू नये म्हणून. तिच्यात निमंत्रक म्हणून माझ्या थोरल्या भावाचं नाव आहे आणि त्याखाली दिल्लीतला पूर्ण पत्ता: कॉलनी, ब्लॉक, मजला, फ्लॅट. त्याच्या खाली माझं नाव, आणि पत्ता म्हणून बोदवड तालुक्यातलं आमचं गाव. ज्या गावातून मी मिसरूड फुटायच्या आत केळीच्या ट्रकवर बसून निघालो, तिथं भावानं मला एका ओळीत परत पाठवून दिलं. दिल्लीत आम्ही दोघंही राहतो. पण त्याची दिल्ली छापण्यासारखी आहे, माझी नाही.

जळगावला लग्नाच्या हॉलमध्ये एका नातेवाइकानं ती पत्रिका हातात धरून मला विचारलं, "नाना, दिल्ली सोडली का तुम्ही?"

"मी नाही सोडली," मी म्हणालो. "छापखान्यात सुटली."

खान्देशातल्या माणसाला दिल्ली म्हणजे एकच वाटते. दिल्लीत मात्र नावगाव विचारून झालं की पुढचा प्रश्न, राहता कुठं? मी सांगतो, यमुनेच्या पलीकडं. तिकडची माणसं त्याला 'जमनापार' म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा ओठ जरासा वाकडा होतो. पुढं मग माझ्याशी ते जरा मोठ्यानं बोलू लागतात, जणू नदीपलीकडं ऐकू कमी येतं.

माझा धंदा केळीचा. रावेरकडून माल येतो, माझ्याकडच्या खोल्यांत पिकतो आणि शहरभर जातो. भावाच्या कॉलनीतल्या गारेगार दुकानात तीच केळी कागदात गुंडाळून, स्टिकर लावून ठेवतात. तिथं कोणी भाव विचारत नाही. त्याच बाया गेटबाहेरच्या हातगाडीवाल्याशी मात्र अर्धा डझन केळ्यांसाठी भांडतात. माझ्या गल्लीत सगळेच सगळ्यांशी घासाघीस करतात. मी घाऊक व्यापारी आहे हे माहीत असूनही माझ्याशी करतात. मला ते आवडतं. मी त्यावरच मोठा झालो.

भावाच्या सोसायटीचा चौकीदार मला आजही विचारतो, "डिलिव्हरी है?" कडक इस्त्रीचे कपडे असले तरी. मग तो वर फोन लावतो, फोनवर भाऊ 'कोण?' विचारतो, आणि मी गेटवर उभा राहून सख्ख्या भावाला मी कोण ते कळवतो. वर त्याचं घर छानच आहे. झाडं, गालिचे, शांतता. शेजारी कोणी वारलं तर ते खाली गाड्या जास्त दिसल्यावर कळतं.

माझ्या मुलासाठी नरडाण्याकडचं स्थळ आलं तेव्हा ही दोन घरं एकमेकांसमोर उभी राहिली. मुलगी नर्स, हुशार, दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात निवड झालेली. फोटो, पत्रिका, बोलणी सगळं जुळलं होतं. मुलाला तर ती इतकी आवडली होती की तो माझ्याशी नीट बोलायला लागला होता. फक्त घर पाहणं उरलं होतं. आपल्याकडं मुलीची माणसं घर पाहिल्याशिवाय सुपारी फोडत नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. मीही माल पाहिल्याशिवाय घेत नाही.

मुलगी, तिचे वडील आणि तिच्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणत, असे तिघं रेल्वेनं आले. पहाटे माझ्याकडं माल उतरत होता, म्हणून भावानं स्टेशनवर आपली गाडी पाठवली. "आधी माझ्याकडं चहा होऊ दे, मग तू ये," असं त्यानं सांगितलं. मला ते बरं वाटलं. थोरला आहे, मान घेतो आहे, घेऊ दे.

मी मुलाला घेऊन पोचलो तर पाहुण्यांचं सगळं घर पाहून झालं होतं. वहिनी त्यांना कोपऱ्यातली खोली दाखवत होती. "ही मुलाची," ती म्हणत होती. माझा मुलगा त्या खोलीत एक रात्रही झोपलेला नव्हता. तो माझ्याकडं बघायला लागला.

भावानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू फक्त गप्प बस," तो म्हणाला. "लग्न होऊन जाऊ दे. मग कुठं राहायचं ते बघता येईल."

"दादा, माझं घर पडलंय का?"

"भाऊजी, तुमच्या गल्लीत गाडी तरी जाते का?" वहिनी मागून म्हणाली. "त्यांनी तो नाला पाहिला तर पोरगी देतील का? पोराचा तरी विचार करा."

पोराचाच विचार मी करत होतो. मी गप्प बसलो तर सोयरीक पक्की होती, हे मलाही कळत होतं. पण उद्या ती मुलगी माझ्या जिन्यावर उभी राहून मला विचारणार होती, आणि तेव्हा भाऊ तिथं असणार नव्हता.

बाहेर आलो. आबा सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. सगळं घर निरखून त्यांनी भावाला अहिराणीत विचारलं, "हाई घर बठ्ठं तुमनंच शे का?"

भाऊ हसला. "आपलंच समजा, आबा."

"समजू नका," मी म्हणालो. "हे घर माझ्या भावाचं आहे. माझं यमुनेच्या पलीकडं आहे. चहा संपवा आणि चला."

वहिनीच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मुलीचे वडील माझ्याकडं बघत म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी तुम्ही मला विचारलं नाही. माझ्या भावाला विचारलं."

भावाच्याच गाडीतून निघालो. पूल आला, खाली यमुनेचं काळं पाणी आलं, आणि मग रस्ते अरुंद होत गेले. नाल्याच्या पुलावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. पुढं गाडी जात नाही. ई-रिक्षा, हातगाड्या, जीन्स शिवणाऱ्या मशीनचा आवाज, डोक्यावर तारांचं जाळं. आबांनी धोतर जरा वर धरलं. आमचा शेजारी शिंपी आहे, त्यानं दुकानातली खुर्ची बाहेर काढून फडक्यानं पुसली. "बुजुर्ग आदमी हैं, पहले बैठने दो," तो मला म्हणाला. आबा बसले आणि मान वर करून माझं घर पाहू लागले.

तीन मजले आहेत. खाली गोदाम, वर आम्ही, त्याच्या वर एक खोली आणि गच्ची. प्रत्येक मजल्याची फरशी वेगळी, कारण जेव्हा जसं जमलं तसं बांधलं. दिसायला ते काही खास नाही. पण त्यातली एक वीटही मला कोणी दिलेली नाही.

बायकोनं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. वांगी गावाहून आली होती. आबा मन लावून जेवले, हात धुतला, आणि मग म्हणाले, "जेवण झकास शे. पण पोर आठे कशी ऱ्हाई?"

वडिलांनी ते स्पष्ट केलं. "मुलगा आम्हाला पसंत आहे. तुम्ही त्या दोघांना तिकडं, भावाच्या कॉलनीजवळ, फ्लॅट बघून द्या. मग आमच्याकडून होकार समजा."

मुलगा माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत विनंती होती, ती मला अजून दिसते.

"नाही," मी म्हणालो. "मुलाच्या शिक्षणात खोट काढा, माझ्या बोलण्यात तर खुशाल काढा. माझा पत्ता मी सौद्यात घालत नाही."

"मग अवघड आहे," वडील उठत म्हणाले.

मुलगी तोपर्यंत बायकोबरोबर वरची खोली पाहून आली होती. ती दारातच थांबली. "रात्रपाळीवरून आले तर गल्लीत दिवा असतो का?" तिनं मला विचारलं.

"दिवा नसतो," मी म्हणालो, "पण माणसं असतात. कोणी ना कोणी ओट्यावर असतंच."

"माणसं मला नकोत. दिवा पाहिजे."

मी तिच्याकडं नीट पाहिलं. "दारात लावू."

"दारात नाही. नाल्यापासून दारापर्यंत. आणि वर वेगळी टाकी. खालचं पाणी सकाळीच संपतं, काकू म्हणाल्या."

बायको भिंतीकडं बघायला लागली.

"टाकी होईल. गल्लीचे दिवे माझ्या हातात नाहीत."

"शिंपीकाका म्हणाले, तुम्ही ओरडलात की गल्लीत सगळं होतं."

आबा हसले. वडील मात्र अजून उभेच होते. "बाई, जन्माचा प्रश्न आहे," ते तिला म्हणाले.

"म्हणूनच विचारतेय, पप्पा. तिकडच्या घरात मला काही विचारावंसं वाटलं नाही. तिथं विचारायचं कोणाला, तेच कळेना." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अजून एक. पत्रिकेत हाच पत्ता छापा. माझ्या मैत्रिणी येतील. त्यांना दुसऱ्याच्या गेटवर उभं नाही करायचं."

हे तिनं मागायची गरज नव्हती. पण मागणीत आलं होतं, म्हणून मी जरा आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं. सवय जात नाही.

वडिलांनी घरी जाऊन कळवतो म्हटलं, आणि बरेच दिवस कळवलं नाही. त्या दिवसांत मी घरोघर फिरलो, प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर एक दिवा लावून घेतला, वीज ज्याच्या त्याच्या मीटरवरची. भांडणं झाली. दिवे लागले. मुलानं त्यांचा फोटो कोणाला पाठवला ते मी विचारलं नाही. होकार आला.

लग्न नरडाण्याला, सत्यनारायण आणि जेवण दिल्लीला, आमच्या गच्चीवर. पत्रिका छापायला जळगावला टाकली. गल्ली नंबर, शिंप्याचं दुकान, सगळं लिहिलं, आणि खाली एक सूचना: गाडी नाल्याच्या पुलापर्यंत येते, पुढे चालत यावे.

छापखानेवाला कागद वाचून म्हणाला, "नाना, शुभकार्यात नाला शोभत नाही हो. नुसतं 'दिल्ली' टाकू?"

"शोभा माझी आहे. छाप."

पत्रिकेत भावाचं नाव आहे. त्याचा पत्ता मी पूर्ण दिला, कॉलनी, ब्लॉक, मजला, फ्लॅट. एक अक्षरही गाळलं नाही, म्हणजे त्याला बोलायला जागा नको. प्रूफ पाहून त्यानं फोन केला. "बाकी ठीक आहे," तो म्हणाला. "ती नाल्याची ओळ तेवढी काढ. माझ्या ऑफिसची माणसं येणार आहेत."

"येऊ देत," मी म्हणालो. "त्यांना चालायचं कुठून, ते त्या ओळीतच आहे."

ओळ काढली नाही. तो येईल की नाही, मला माहीत नाही. आला तर गाडी पुलावर लावावी लागेल, आणि तिथून दारापर्यंत दिवे आहेत.