'जवळ'मधला ज

दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घापायी खरोखर ताप चढणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच होता, आणि माझ्या नशिबानं तो माझा थोरला साडू निघाला. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. उभी हयात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली. मग गल्लोगल्ली एसटीडी बूथ आणि कॉम्प्युटर क्लास निघाले, छापखाना बसला, तसं अण्णांनी बीडच्या स्टँडमागं डीटीपीचं दुकान टाकलं. तेलगावचा एक वरबाप पत्रिकेत 'आशिर्वाद' असाच, पहिल्या वेलांटीचा पाहिजे म्हणून अडून बसला, तर अण्णांनी त्याला वाट दाखवली. त्यानं पत्रिका दुसरीकडं छापली आणि मुद्दाम अण्णांना आमंत्रण द्यायला आला. अण्णांनी तिथल्या तिथं तांबड्या पेनानं अकरा चुका काढून पत्रिका परत केली, आणि वर लग्नालाही गेले. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एकदा त्यांनी भाज्यांच्या पाटीवरच्या चुकांवरून इतका वेळ वाद घातला, की वाढप्या शेवटी म्हणाला, "काका, जेवाय आलाव का पेपर तपासाय?"

अशा माणसाच्या पदरी देवानं आमची अक्का घातली होती. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिचं बोलणं अस्सल बीडचं. लई, कावून, न्हाई याशिवाय तिचं वाक्य हलायचं नाही. अण्णा जन्मभर तिला सुधारत राहिले. ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमचं 'आहे' तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझं 'हाय' मला बास हाय."

मग अक्काला दुखणं लागलं, आणि ते हटणारं नाही हे तिला आमच्याआधी कळलं. एकुलत्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि माहेरात आईच नसणार, या एका विचारानं तिचा जीव तुटायचा. चार दुपारी ती दुकानात स्टुलावर बसून बोलली आणि अण्णांनी लेकीसाठी तिचं पत्र टाइप केलं. कागदावर मात्र काढलं नाही, कारण तीन प्रुफं तपासल्याशिवाय छापायचं नाही हा त्यांचा नेम. दुसरं प्रूफ झालं आणि अक्का गेली. त्यानंतर ती फाईल उघडायची त्यांना हिंमत झाली नाही.

लेकीला सातवा लागला. तिला आणायला जायच्या आधी पत्र काढावं म्हणून अण्णांनी मशीन लावलं, तर त्यात व्हायरस. मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो, म्हणून मला बोलावलं. मी सगळी सिस्टीम पुन्हा टाकली. फाईल शाबूत होती, पण मराठीचं सॉफ्टवेअर पुन्हा चढवताना ते परवान्याची किल्ली मागायला लागलं. त्याच्याशिवाय पत्र उघडलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसायचा. अण्णा त्या चिवड्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हे मला मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

किल्लीचं कार्ड कुठंय विचारलं, तर म्हणे, ते इंग्रजीत होतं म्हणून वहीत मराठीत उतरवून घेतलं आणि रद्दीत घातलं. वही बघितली आणि मी कपाळाला हात लावला. मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेलं: काही आकडे, आणि मधे क, ज, व. आता क म्हणजे के, सी का क्यू? व म्हणजे व्ही का डब्ल्यू? कंपनीला फोन लावला, तर ती केव्हाच गुंडाळलेली. मग आम्ही एकेक करून घालत बसलो. ज म्हणजे जे धरून सहा वेळा चुकलं, जी धरून सहा वेळा चुकलं. मी चिडून म्हणालो, "अण्णा, झेड असता तर तुम्ही झ लिहिला असता की." त्यांनी वहीतल्या त्या अक्षरावर बोट ठेवलं. मग अपराध्यासारखे म्हणाले, "नाही हो. हा 'जगा'तला ज नसावा. 'जवळ'मधला असेल." झेड घातला आणि दुसऱ्या खेपेला सॉफ्टवेअर उघडलं.

अण्णांनी लेकीला आणलं आणि तिच्या हातात पत्र ठेवलं. ती मोठ्यानं वाचायला लागली. 'चि. सौ. कन्येस अनेक उत्तम आशीर्वाद. बालक रडत असल्यास प्रथम त्याचे उदर तपासावे.' दोन ओळींत ती थांबली. पुढचं पानही बघितलं. मग हळूच म्हणाली, "अण्णा, हे तुमचं हाय. यात आई कुटंय?"

अण्णांनी पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. बोट ठेवायला एक चूक नव्हती त्या पत्रात. अक्काचं 'हाय' त्यांनी टाइप करता करताच 'आहे' केलं होतं, आणि तिचे मूळ शब्द आता त्यांना आठवेनात. 'कावून' म्हणाली होती का 'कशापायी', हे ते मला विचारायला लागले. मी काय सांगणार? मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी लेकच स्टुलावर बसली. म्हणाली, तुम्ही फक्त मतलब सांगा, आई कशी बोलली असती ते मी बोलते. अण्णा शुद्ध वाक्य वाचायचे, ती ते आईच्या तोंडचं करून द्यायची, आणि बाळाच्या तेलकाजळाच्या शेवटच्या ओळीपर्यंत अण्णा मान खाली घालून जसंच्या तसं टाइप करत गेले. पत्र संपलं तरी ती थांबली नाही. म्हणाली, "अन् बाई, तुज्या बापाला सगळं येतं, पर भूक लागली म्हणाय येत न्हाई. त्याला टायमावर वाढ."

अण्णांचे हात थांबले. "हे ती बोलली नव्हती," ते म्हणाले.

"बोलली असती की."

अण्णांनी डोळे पुसले आणि ते वाक्यही घातलं. मग, जन्मात पहिल्यांदा 'आहे' सोडून, ते म्हणाले, "हाय, हाय. तिचंच हाय."